चोवीस अक्षरांचं भरतकाम

लिननचे तुकडे वाटून झाले आणि शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, सुई बाजूला ठेवा, आधी धागे मोजा. एका इंचात उभे किती, आडवे किती. आम्हाला दिलेलं कापड आजच्या यंत्रमागावरचं, दोन्ही बाजूंनी ३६ धाग्यांचं. मग त्यांनी संग्रहातला एक जुना सॅम्पलर, म्हणजे एका मुलीने टाके आणि अक्षरं शिकताना भरलेलं कापड, पेटीतून काढला आणि काचेवरून भिंग धरून तोही मोजायला लावला. हातमागावरचं कापड. ताणा दाट, बाणा विरळ. त्यामुळे त्यावरची सगळी अक्षरं उंच आणि सडपातळ दिसत होती. चारही बाजूंच्या वेलीवर स्ट्रॉबेरी भरल्या होत्या. वरच्या पट्टीतल्या लांबोड्या, तर कडेच्या पट्ट्यांतल्या बसक्या आणि रुंद. पाहणाऱ्याला वाटावं की मुलगी कंटाळली आणि कडा उरकून टाकल्या. पण टाके मोजले तर ते सगळीकडे सारखेच. फळ नव्वद अंशांत वळलं की कापडाची वीण त्याला दाबते, एवढंच. मुलीचं मोजणं कुठेही चुकलेलं नव्हतं.

मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या छोट्या गावाच्या इतिहास मंडळाने हिवाळ्यात हा वर्ग घेतला. अठराव्या शतकातल्या इथल्या मुली जसा सॅम्पलर करत, तसा आपण करायचा: तेच टाके, तसंच साहित्य, शक्य तितका तोच क्रम. मी शाळेत शिवणाच्या तासाला मॅटीवर फुलीचे टाके घातलेत, दोसुतीवर उशीचे अभ्रे भरलेत, रिंग आणि अँकरच्या लड्या घरात कायम असायच्या. तेव्हा भरतकाम मला नवीन नव्हतं. पण सॅम्पलर हे नुसतं शोभेचं भरतकाम नव्हे, ती मुलीची टाक्यांची वही होती आणि तिचं प्रगतिपुस्तकही. हे मला करता करता कळत गेलं, आणि म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं.

वर्गाच्या आधी मी प्लिमथला जाऊन आले. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या इंग्रजांनी जिथे वसाहत केली ते हे गाव. तिथल्या पिलग्रिम हॉल संग्रहालयात लोआरा स्टँडिश हिचा सॅम्पलर आहे. अमेरिकेत तयार झालेल्या ज्ञात सॅम्पलरांमधला हा सर्वांत जुना मानतात, साधारण १६५३ चा. लोआरा ही वसाहतीचा लष्करी कप्तान माइल्स स्टँडिश याची मुलगी. सतराव्या शतकातले सॅम्पलर अरुंद आणि लांब असत. एकाखाली एक आडव्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत वेगळी वेलबुट्टी, आणि काम नसलं की गुंडाळून ठेवायचं. नवी नक्षी कुठे दिसली की पट्टीवर उतरवून घ्यायची, पुढे कधी उशीला, सदऱ्याच्या गळ्याला लागेल तेव्हा उलगडून बघायची. छापील नमुन्यांची पुस्तकं महाग असताना ही कापडाची सुरळीच घरातला संग्रह होता. लोआराच्या पट्ट्यांखाली तिचं नाव आहे आणि प्रार्थना आहे: देवा, तुझ्या इच्छेप्रमाणे वागायला माझ्या मनाला वाट दाखव, माझ्या हातांना असं कसब दे की ज्याने सद्गुण वाढेल आणि लाज वाटायची वेळ येणार नाही, मग त्याचं श्रेय मी तुझ्याच नावाला देईन. हाताच्या कसबासाठी इतकी स्पष्ट मागणी मी फार कमी प्रार्थनांमध्ये वाचली आहे.

लोआरा बापाआधी गेली. माइल्स स्टँडिश १६५६ मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की मला माझ्या दोन लाडक्या मुलींजवळ पुरा, एक मुलगी लोआरा आणि दुसरी सून मेरी. लोआराच्या मागे तिच्या हातचं राहिलं ते हे कापड.

आता काम.

रेशीम हा पहिला अडथळा. सुती दोऱ्यापेक्षा ते कितीतरी नाजूक. बोटाला जरा खरखरीतपणा असला की तंतू अडकून उभे राहतात. क्रीम लावायचं नाही, कारण तेलकटपणा कापडात उतरतो. हातभर लांबीचाच दोरा घ्यायचा, त्याहून लांब घेतला तर कापडातून ये-जा करून त्याची चमक मरते. सुई बोथट टोकाची, म्हणजे ती धागा फोडत नाही, दोन धाग्यांमधल्या भोकातून जाते. गाठ मारायची नाही. दोऱ्याचं टोक मागच्या बाजूला धरून पहिल्या चार टाक्यांखाली दाबत न्यायचं. त्या काळी हे रेशीम, सुया, बहुतेक सगळं इंग्लंडहून जहाजाने येई. हरवलेली सुई शोधायला अख्खं घर का कामाला लागत असेल, ते यावरून समजतं.

एक फुली दोन उभ्या आणि दोन आडव्या धाग्यांवर. म्हणजे ३६ च्या कापडावर इंचाला १८ फुल्या. सात फुल्यांचं अक्षर एक सेंटिमीटरच्या आसपास भरतं. उजेड चांगला असेल तर हे जमतं. इथे डिसेंबरात साडेचारच्या आत अंधारून येतं. मी दिवा ओढून घेते, भिंग लावते. त्या काळच्या मुलीकडे खिडकी होती आणि मेणबत्ती, तीही जपून वापरायची.

पहिली ओळ अक्षरांची. ए, बी, सी अशी सुरुवात केली आणि आय नंतर थेट के आला. जे नाही, यू नाही. जुन्या पद्धतीत आय आणि जे एकच धरत, यू आणि व्ही एकच, म्हणून कित्येक सॅम्पलरांवर अक्षरं चोवीसच. आमच्या वर्गातल्या एकीला वाटलं तक्त्यात छपाईची चूक आहे, आणि तिने जे घालायला जागा मोजायला सुरुवातही केली होती. बाईंनी थांबवलं. जसं आहे तसं भरा.

पण ही अक्षरं भरायची कशासाठी, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर कपाटात आहे. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावरचे रुमाल, अंगातले लिननचे झगे, ही त्या घरातली मोठी मालमत्ता होती. मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्यांमध्ये ती भांड्यांच्या आणि पलंगांच्या बरोबरीने नोंदवलेली सापडते. प्रत्येक नगावर घरमालकिणीची आद्याक्षरं आणि खाली आकडा घालत. आकडा यासाठी की चादरी क्रमाने वापरल्या जाव्यात, एकच चादर सारखी धुऊन विरू नये, आणि धुण्यातून एखादी गेली तर कोणती गेली ते कळावं. म्हणजे सुईने अक्षर आणि अंक काढता येणं हा घर चालवण्याच्या हिशोबाचा भाग होता.

रुमालावरचं अक्षर दोन्ही बाजूंनी दिसतं, म्हणून त्यासाठी फुलीचा टाका वेगळ्या तऱ्हेने घालतात. आपण नेहमी ओळीतल्या सगळ्या अर्ध्या फुल्या आधी घालत जातो आणि परत येताना त्या पुऱ्या करतो. मागे उभ्या रेघा राहतात, त्याची फिकीर नसते. या टाक्यात प्रत्येक फुली जागच्या जागी पुरी करायची, एखादी तिरकी रेघ दोनदा घालायची, आणि सुई अशा वाटेने न्यायची की मागे चौकोन किंवा फुली नीटस उमटेल. अक्षराचं वळण आलं की पुढची वाट आधीच ठरवावी लागते. एस या अक्षराला तर मी कागदावर बाणांनी सुईचा रस्ता काढला, मगच कापडाला हात लावला. आठ-नऊ वर्षांच्या मुली हे डोक्यात करत. ‘मुलींना शांत बसवण्यासाठीचा वेळकाढूपणा’ असं सॅम्पलरबद्दल कुणी म्हणालं की मला आता राग येतो. हे गणित आहे, आणि सोपं नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागात, वाचायला शिकवणं आणि लिहायला शिकवणं ही दोन वेगळी कामं होती. मॅसॅच्युसेट्सच्या १६४२ च्या कायद्याने मुलांना वाचता आलं पाहिजे असं बजावलं, कारण बायबल वाचायचं होतं. लिहिणं हे धंद्याला, हिशोबाला, कचेरीला लागणारं कसब, ते मुख्यतः मुलग्यांना. मुली आधी शेजारपाजारच्या एखाद्या बाईच्या घरी अक्षरओळख आणि शिवण शिकत. त्यामुळे छापलेलं वाचता येणाऱ्या कितीतरी बायका दस्तऐवजावर सहीच्या जागी नुसती खूण करत. लेखणी हातात येण्याआधी, काहींच्या बाबतीत लेखणी कधीच आली नाही तरी, सुई हातात होती. तिने त्या आपलं नाव, गाव, वय, साल घालून ठेवत. शाळेतल्या वहीवर मुलं लिहितात तसं एक कवन खूप चाले: अमुक माझं नाव, इंग्लंड माझं राष्ट्र, बोस्टन माझं राहण्याचं ठिकाण, आणि ख्रिस्त माझा तारणहार. स्वातंत्र्ययुद्धानंतर त्यातलं इंग्लंड जाऊन तिथे न्यू इंग्लंड आलं, अमेरिका आली. एका ओळीत राज्य बदललेलं दिसतं.

अक्षरांची दुसरी ओळ छिद्रटाक्याची. चार धाग्यांचा चौकोन घ्यायचा, त्याच्या कडेच्या सोळा भोकांतून प्रत्येक वेळी मधल्या एकाच भोकात सुई उतरवायची आणि दोरा ओढून ते भोक मोठं करायचं. ओढ सगळ्या बाजूंनी सारखी हवी. एक छिद्र म्हणजे एका फुलीच्या जागी एक ठिपका, आणि एका अक्षराला असे दहा-पंधरा ठिपके. हाताने हा टाका घालताना मला सारखं वाटत होतं की हा मुद्दाम संयमाची परीक्षा म्हणून ठेवला असावा. नंतर लक्षात आलं की पातळ कापडावर, बाळाच्या टोपड्यावर, हाच टाका सर्वांत टिकाऊ, कारण तो ओढून घट्ट बसतो आणि धुण्यात सुटत नाही.

मग स्ट्रॉबेरी. त्या क्वीन स्टिचने भरतात. चार उभे लांब टाके एकाच वरच्या आणि एकाच खालच्या भोकातून, आणि प्रत्येक मधोमध छोट्या आडव्या टाक्याने बांधून बाजूला खेचायचा, म्हणजे एक फुगीर चौकटीचा शंकरपाळा तयार होतो. शंकरपाळ्याला शंकरपाळा जोडत फळ होतं. रेशीम भरपूर खातो हा टाका. त्यामुळे ज्या सॅम्पलरवर क्वीन स्टिचची दाट फळं दिसतील, ते घर बऱ्यापैकी पैसेवालं असणार असा अंदाज बांधायला हरकत नाही. अठराव्या शतकात हे काम शाळांकडे गेलं. आता सॅम्पलर गुंडाळून ठेवायचा राहिला नाही. तो चौकोनी झाला, त्याला चारी बाजूंनी वेल आली, खाली घर, झाडं, मेंढ्या, ॲडम आणि ईव्ह आले, आणि चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगला जाऊ लागला. बोस्टनमध्ये कंडी नावाच्या बाई १७३८ मध्ये वर्तमानपत्रातून जाहिरात करत होत्या की नमुने लंडनचे, पण आमच्याकडे काढून घेतलेत तर स्वस्त. सेलममध्ये सेरा स्टिव्हर्स बाईंच्या शाळेतल्या मुलींचं काम लगेच ओळखू येतं, गवत आणि आकाश त्या कुरळ्या रेशमाच्या लांबच लांब तिरक्या टाक्यांनी भरत. ऱ्होड आयलंडमध्ये प्रॉव्हिडन्सला मेरी बाल्च यांची शाळा होती, तिथल्या मुली इमारती भरत. शिकवणाऱ्या बाईंचा हात मुलींच्या हातांतून असा दिसत राहतो, आणि अशा कितीतरी शिक्षिकांनी स्वतःचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. विद्यार्थिनींच्या कामावरून त्या शोधाव्या लागतात.

वर्गातला सगळ्यात मोलाचा तास होता तो जुना सॅम्पलर उलटा करून पाहण्याचा. समोरून तो मातकट, फिकट पिवळा, गुलाबीची नुसती शंका. मागे रंग जिवंत होते. मंजिष्ठेचा तांबडा, निळीचा गडद निळा, आणि हिरवा, जो पिवळ्यावर निळीचा हात देऊन करत. समोरची हिरवी पानं निळसर दिसतात, कारण पिवळा उजेडाने आधी उडतो आणि निळी टिकते. म्हणून संग्रहालयं अशा वस्तूंवर ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत. काळ्या रेशमाची तर वेगळीच कथा. काळा रंग पक्का करायला लोहाचा उपयोग करत, आणि तेच लोह काळाच्या ओघात रेशीम खाऊन टाकतं. आमच्या समोरच्या सॅम्पलरवर घराच्या खिडक्यांच्या जागी सुईची रिकामी भोकं उरली होती. त्या भोकांवरून आम्ही खिडक्या मोजल्या आणि आपल्या कापडावर उतरवल्या.

खालच्या ओळीत नावाशेजारी सालाचे शेवटचे दोन आकडे कुणीतरी उसवले होते. असे सॅम्पलर बरेच सापडतात. बाई मोठी झाली, सॅम्पलर भिंतीवरच होता, आणि येणारा-जाणारा पाहुणा साल वाचून वय मोजू शकत होता. बाईंनी विचारलं की तुम्ही ते आकडे भरणार की रिकामे ठेवणार. वर्गात बरीच चर्चा झाली. मी जागा रिकामी ठेवली. उसवणं हाही तिचाच निर्णय होता, आणि तो तिच्या लहानपणच्या कामाइतकाच खरा.

हे सगळं कौतुकाने लिहिताना एक चित्र डोळ्यांपुढून जात नाही. कनेटिकटमधल्या प्रेस्टनची प्रुडन्स पंडरसन हिने रेशमाने एक भरतचित्र केलं. तिचं पूर्ण आयुष्य त्यात आहे: उजवीकडे पाळण्यात बाळ, मधोमध टेबलाशी काम करत बसलेली तरुणी, डावीकडे शवपेटी आणि तीवर तिची आद्याक्षरं. १७८४ मध्ये बाळंतपणानंतर ती गेली, वय सव्वीसच्या आसपास. लोक तिच्या या विचाराबद्दल बोलतात, आणि बोलायलाच हवं. पण पाळणा हलवणारी एक काळी मुलगी त्या चित्रात आहे. गुलाम मुलगी. प्रुडन्सच्या हाताला मोकळीक मिळावी म्हणून पाळणा या मुलीच्या हाती आहे. तिने काय शिकावं, तिच्या नावाचं कापड कुठे असावं, याची सोय त्या घरात नव्हती. मी क्वीन स्टिचचा एकेक शंकरपाळा बांधताना तिची आठवण ठेवते. सुईकाम करायला वेळ कुणाला मिळाला आणि तो कुणाच्या वेळातून काढला, हे विसरून सॅम्पलर पाहता येत नाहीत.

वर्गात मी एकटीच मराठी. पण न्यू इंग्लंड आणि महाराष्ट्र यांच्यात शाळांचा एक जुना धागा आहे, आणि तो मी तिथे सांगितला. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. न्यू हॅम्पशरमध्ये जन्मलेल्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईला पोचल्या, मुलींच्या शाळांचं काम पाहण्यासाठी, आणि पुढे अहमदनगरला गेल्या. त्यांच्या तिथल्या मुलींच्या शाळेचा उल्लेख जोतिराव फुल्यांनी स्वतः केला आहे. मिशनच्या शाळांमध्ये वाचनाबरोबर शिवणही असे. फॅरार बाईंच्या पिढीतल्या न्यू इंग्लंडच्या मुली सॅम्पलर करतच वाढल्या होत्या. तेव्हा अक्षर आणि टाका एकाच तासात शिकवण्याची ही पद्धत आपल्याकडे येताना त्यांच्या सामानात होतीच, असं मला वाटतं. पुढे आपल्या मुलींच्या शाळांतून शिवणाचा तास टिकून राहिला. माझ्यापर्यंत तो मॅटी आणि फुलीच्या टाक्यांच्या रूपात आला.

शेवटी प्रत्येकीने आपलं नाव आणि साल घालायचं होतं. मी देवनागरीत घालायचं ठरवलं. आमच्या बाईंना ते मनापासून आवडलं, पण तक्ता कुठेच तयार नव्हता, तो मला काढावा लागला. रोमन मोठी अक्षरं सात फुल्यांत बसतात. देवनागरीला शिरोरेषेची एक ओळ, खाली अक्षराच्या सात, वर वेलांटी आणि मात्रांसाठी तीन, खाली उकारासाठी तीन, म्हणजे एकूण चौदा. ३६ च्या कापडावर ती ओळ जवळजवळ दोन सेंटिमीटर उंच होते, त्यामुळे कवनाची एक ओळ मला सोडावी लागली. शिरोरेषा मात्र अगदी सहज जाते, आणि ती आधी घालून घेतली की बाकीची अक्षरं तिच्यापासून खाली मोजत उतरता येतात. गोलाई ही खरी अडचण. मॅटीवर ठरलेल्या चौकोनांतच फुली बसते. लिननवर दोन धाग्यांच्या फुलीला एकाच धाग्याने सरकवता येतं, आणि तेवढ्याने र ची शेपटी, व चा गोल, क चा उजवा कान पायऱ्या न पडता वळतो. ळ साठी फुल्या सोडून मी दोन छिद्रटाके शेजारीशेजारी घातले, आणि त्यांना मधून एका फुलीने जोडलं.

आता पूर्ण वर्णमालेचा पट्टा घेतला आहे, सतराव्या शतकासारखा लांब, गुंडाळून ठेवता येईल असा. कुणाला करून पाहायचं असेल तर सुरुवात ३६ ऐवजी २८ च्या लिननवर करा, डोळ्यांना सोपं जातं. रेशीम महाग वाटलं तर आपल्याकडच्या सुती लडीतले दोन पदर घ्या. जोडाक्षरं शेवटी ठेवा. क्ष आणि ज्ञ यांना मी सध्या नऊ फुल्यांची रुंदी देते आहे, पण श्र अजून मनासारखा बसलेला नाही. कुणी तो सातात बसवला असेल तर मला जरूर दाखवा.